करड्या कोटातली बाई

तिवस्याच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या माया मॅडम वैतागल्या होत्या. बर्लिनची भिंत पाडतानाच्या पोस्टरमध्ये सगळी गर्दी भिंतीकडे पाहत होती. फक्त करड्या कोटातली एक बाई वर्गाकडे बघायची. पोरांचं धड्यात लक्षच लागेना.

मॅडमनी अमरावतीहून पोस्टर बदलून आणलं. त्यात ती बाई गर्दीतून पुढे आली होती.

रविवारी त्या पुन्हा दुकानात गेल्या आणि तिसरं पोस्टर तिथंच उलगडून बसल्या.

"आता काय खराबी हाय, मॅडम? एकाच गठ्ठ्यातले हायत सारे," दुकानदार चिडला.

बाई कुठेच नव्हती. मॅडमना हायसं वाटलं. "हे चालते. बांधून द्या."

"देतो," तो त्यांच्या मागे पाहत म्हणाला, "पन तुमच्यासंगच्या बाईनं एवढ्या उन्हात कोट काहून घातला?"