म्होरकीची घंटा

कधी नव्हे ते बागायतदार आप्पा धनगरांच्या तळावर चालत आले. “कांदा लावायचाय. मेंढरं रातभर बसवा माझ्या रानात, लेंड्यांचं खत हुईल. पोतंभर बाजरी देतो.” बाजरी ऐकून सारजाबाईच्या नवऱ्याची मान हलली. गेल्या साली मेंढरांत रोग शिरला, तेव्हा एका संस्थेची फुकट लस घेऊन आलेली गाडी याच आप्पांनी ट्रॅक्टर आडवा घालून रोखली होती. “माझं रान तुडवायचं न्हाई!” उन्हात लसीच्या पेटीतला बर्फ वितळला, लस नासली, निम्मा कळप मेला. यंदा संस्थेच्या डॉक्टरीणबाई वेळेत पोचल्या, म्हणून उरलेली मेंढरं तुकतुकीत होती. “काय सारजे, बसवतीस न्हवं?” “बसवती की, आप्पा.” त्या रोगात मेलेल्या म्होरक्या मेंढीची घंटा तिनं त्यांच्या हातावर ठेवली. “ही बसवा तुमच्या रानात. जित्ती हायेत ती बांधापल्याड, तुमच्या भावकीच्या रानात बसतील.”