ग्रहणात चिरलेली भाजी

"घरात आणखी लहान मूल आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मुलगी. साडेतीन वर्षांची," निशा म्हणाली. मांडीवर पंधरा दिवसांचा मुलगा झोपला होता. मघाशी शेजारच्या खोलीत स्टीलचा ट्रे पडला, तेव्हाही तो असाच झोपून होता.

"तिचं उष्टं खायचात?"

निशाला प्रश्नच कळला नाही. आई म्हणजेच उष्टं खाणारी बाई. हे कुणी विचारायचं असतं?

डॉक्टरांनी समजावलं. साधा विषाणू. मुलांच्या लाळेतून येतो. मुलांना जेमतेम सर्दी होते, आईला तर कळतही नाही. पण गरोदरपणात आईला पहिल्यांदाच झाला, तर कधीकधी पोटातल्या बाळाचे कान जातात. "कुणाचीच चूक नाही हो," असं म्हणून त्यांनी औषध लिहून दिलं. पुढेमागे कानाला मशीन लागेल, तेही सांगितलं.

बाहेर बाकावर निशाच्या सासूबाई गुणाबाई नातीला, प्रांजलला, घेऊन बसल्या होत्या. ग्रहण भोवलं, हा निकाल त्यांनी नेरे गावाहून निघतानाच लावला होता. डॉक्टरची फक्त सही व्हायची बाकी होती.

"काय बोलला डाक्तर?"

निशाने प्रांजलकडे पाहिलं. ती भावाच्या कानाला तोंड लावून ओरडत होती, "बाला, ऊठ!"

खरं सांगितलं तर काय होईल, ते निशाला पाठ होतं. पोरीने भावाचे कान खाल्ले. हे वाक्य प्रांजलच्या साखरपुड्यापर्यंत चालत येईल, पाहुण्यांना चहाबरोबर मिळेल.

"आई, तुमीच बरोबर होता," ती म्हणाली. "गिरानात मी भाजी चिरली."

"मी बोलतच होती!" गुणाबाईंनी कपाळावर हात मारला. त्या रडल्या, पण खरं ठरल्याचं समाधान काही पदराआड लपलं नाही. "एक दिस गप बसाला नाय जमला तुला!"

खरं तर ग्रहणाच्या दिवशी निशा गप बसलीच होती. तिसरा महिना होता. दार लावून, विळी नजरेआड करून, सकाळपासून उपाशी. संध्याकाळी तिचं पोट गुरगुरलं, तेव्हा मांडीवरच्या प्रांजलने तोंडातलं अर्धं चघळलेलं बिस्कीट काढलं आणि आईच्या तोंडात घातलं.

"खा," ती कानात म्हणाली, "आजीला नाय सांगनार."