खांद्यावरची चिमणी

नातीच्या मानेला सारखा झटका बसायचा आणि घशातून ‘चिक’ असा आवाज यायचा. शाळेतल्या पोरी म्हणाल्या, ही मुद्दाम करते. मी नेहमीप्रमाणे थाप ठोकली, “खांद्यावर न दिसणारी चिमणी बसलीय तुझ्या. ती चोच मारते.” नातीनं त्या चिमणीचं नावही ठेवलं. पुढे डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. महिनाभरात फरक पडेना, म्हणून काल त्यांनी गोळी दुप्पट केली. आज माझ्या जुन्या चष्म्याच्या डबीत सगळ्या गोळ्या सापडल्या. “इथे कशा गं?” “खाल्ल्या तर चिमणी मरेल ना, आजोबा.” झाली का पंचाईत. जन्मभर गप्पांत वाघ शेपटीला धरून फिरवले, पण आज खरं बोलावंच लागलं, “चिमणी नाहीच गं. थाप होती माझी.” तिच्या मानेला झटका बसला. ‘चिक’. “म्हणजे त्या पोरी म्हणतात तेच? मीच करते?”