खोलीची शांतता

माहितीपटवाला सलग तिसऱ्या दिवशी आला आणि बायको पुन्हा खळखळून हसली. आतल्या खोलीत नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

राजकारणामुळे साध्या माणसांची आयुष्यं कशी उसवतात, यावर तो माहितीपट होता. बायकोचं शिवणाचं दुकान निवडणुकीच्या तोंडावर बेकायदा ठरवून पाडलं गेलं. शेजारच्या तीन टपऱ्यांना मात्र कुणी हात लावला नाही. यामागे कोण, हे शोधायला माहितीपटवाल्याने कंबर कसली होती. बायकोला दुकान परत हवं होतं, दुसरं काही नको.

नवऱ्याला दुकानाचं नाव काढलेलं आवडत नसे. तिथे बटणांचा विक्रेता तासन्‌तास बसायचा, बायको त्याच्याशीही अशीच हसायची. आता हा आला. ताई म्हणायचा, पण म्हणून काय झालं? कानांवर हेडफोन चढवून तिला शेजारी बसवायचा आणि ती बारीकसारीक आवाज ऐकून हरखून जायची.

त्या दिवशी नवऱ्याची मुलाखत होती. बिनतारी माइकची डबी खिशात, वाटाण्याएवढा माइक कॉलरला. तो झकास बोलला. ढिगाऱ्यातून बायकोचं मशीन आपण स्वतः उपसून काढलं, हे त्याने दोनदा सांगितलं.

"राजकारण म्हणजे चिखल हो," तो म्हणाला. "साधा माणूस त्यात रुततोच."

मुलाखत संपल्यावर माहितीपटवाल्याने सांगितलं, आता मिनिटभर नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करायची, नंतर तुकडे जोडताना लागते. कुणी बोलायचं नाही. बायको हेडफोन लावून त्याच्या शेजारी बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

नवऱ्याला ते बघवेना. पाय न वाजवता तो बाहेर पडला आणि मागच्या भिंतीशी उभं राहून पक्षाच्या कार्यालयातल्या जुन्या मित्राला फोन लावला. हा कॅमेरेवाला इथे नको, परवानगीचं काहीतरी खुसपट काढ, असं त्याने सांगितलं. पुढचं अगदी हळू आवाजात सांगितलं. मित्र म्हणाला, उद्या होऊन जाईल. नवऱ्याला हलकं वाटलं.

तो परत आला तेव्हा मिनिट कधीच संपलं होतं. माहितीपटवाला मान खाली घालून वायर गुंडाळत होता. बायको उठली. नवऱ्याच्या कॉलरवरचा माइक तिने अलगद काढून घेतला.

"अहो," ती म्हणाली, "'हिच्या दुकानाच्या वेळी केलंस तसंच कर', हे कुणाला सांगत होतात?"