तुमचं कोणी आत आहे?

"तुमचं कोणी आत आहे का?" दार उघडणाऱ्या बाईनं पत्रक हातात न घेताच विचारलं.

"एक मुलगा आहे," काकू म्हणाल्या.

बाईचा चेहरा मवाळला. तिनं पत्रक घेतलं, पण दारही लावून घेतलं.

शिंपीण जिन्यात उभी होती. रविवारी दुकान बंद ठेवून ती काकूंबरोबर फिरायची. पगार नाही की भत्ता नाही, चहासुद्धा पदरचा. कैद्यांनाही मत देता यावं, एवढंच सांगायचं. पण लोक असे बघत, जणू या दोघीच तुरुंगाचं कुलूप फोडून आल्यात.

आधी शिंपिणीला स्वतःलाच हे पटलं नव्हतं. काकू उसवलेला कोट घेऊन दुकानात आल्या आणि बोलता बोलता तिच्या गळी उतरवून गेल्या. "शिक्षा भोगतोय, ती भोगू दे. पण कधी ना कधी सुटणार, आपल्याच गल्लीत राहायला येणार. तेव्हा तो आपला म्हणून यावा, की परका म्हणून?"

"त्यानं केलं काय होतं?" शिंपिणीनं चाचरत विचारलं होतं.

"खून."

काकू हे इतकं सरळ बोलल्या, की शिंपिणीनं पुन्हा विषय काढला नाही. दर महिन्याला काकू भेटीला जात. परतल्या की त्यांना घास गिळवत नसे. आईचं काळीज, दुसरं काय, असं शिंपीण मनाशी म्हणायची.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमन भेटला. "इतकी वर्षं मत देऊन मला काय मिळालं, ते आता त्यांना मिळणार?"

"मग तुमचंही काढून घ्यायचं का?" काकूंनी विचारलं.

"बघा तर घेऊन!" म्हातारा उसळला. मग स्वतःच हसला आणि शेजारणीसाठी आणखी एक पत्रक मागून घेतलं.

शेवटच्या दारातला बेकरीवाला मात्र हसला नाही.

"माझ्या भावाला भोसकलं," तो म्हणाला. "भर रस्त्यात. आणि तुम्ही असल्यांसाठी दारोदार फिरता?"

काकूंनी पत्रक पुढे केलं.

"पोटचा पोर आत गेला असेल, म्हणून पुळका आलाय तुम्हाला. एकदा मेलेल्याच्या आईसमोर उभं राहून हे बोलून दाखवा."

शिंपिणीला राहवलं नाही. "अहो, त्याही आईच आहेत! मुलगा वाईट निघाला म्हणून टाकून द्यायचा का त्याला?"

काकूंनी तिच्या दंडावर हात ठेवला.

"मेलेल्याच्या आईलाच आधी पटवावं लागलं," त्या बेकरीवाल्याला म्हणाल्या. "सोपं नव्हतं. ती तुमच्यापेक्षा जास्त चिडलेली होती. त्याला फाशीच हवी म्हणायची."

"मग?"

"मग एकदा तुरुंगात जाऊन त्या पोराला बघून आली. आता तीच हे सांगत फिरते."

"थापा मारू नका! कुठाय ती? आणा तिला माझ्यासमोर."

"ही काय, उभी आहे," काकू म्हणाल्या. "माझ्याच मुलाला मारलं त्यानं."