मफलरचा नेम
संघाने कप जिंकल्याशिवाय हा मफलर धुवायचा नाही, असा यांचा नेम. नेम कुणाचाही असो, मोडू नये. कितीही वास आला तरी मी हात लावला नव्हता. आज फुटबॉलचा अंतिम सामना. आपला संघ एका गोलने पुढे होता, दहाच मिनिटं उरलेली. तेवढ्यात म्हाताऱ्या मॅनेजरने नेहमीप्रमाणे गोल करणाऱ्यालाच बाहेर बोलावलं आणि बचावपटू आत पाठवला. याच भित्रेपणापायी वर्षानुवर्षं कप हुकत होता. एरवी यांनी टीव्हीला शिव्यांची लाखोली वाहिली असती. आज नुसता गळ्यातला मफलर काढून माझ्यापुढे धरला. “धुऊन टाक.” “अहो, अजून आपण पुढे आहोत ना?” “आहोत,” म्हणाले. मी बादलीत बुडवला. पाणी काळपट झालं. शेजारचे समोरच्या संघाचे चाहते. त्यांचा जल्लोष ऐकू आला. हे मोरीच्या दारातच उभे होते. “पावडर जरा जास्त घाल,” म्हणाले.