चामड्याचे पट्टे

हाडांच्या डॉक्टरांनी कौस्तुभची टाच जमिनीला टेकवून पाहिली. ती टेकली नाही.

"ताई, मस्क्युलर डिस्ट्रॉफीत पाय असे आखडत जातात, म्हणून तर रात्रभर पाय सरळ ठेवणारे, पट्ट्यांनी बांधायचे स्प्लिंट घालायला सांगितले होते. अशानं चालणं लवकर सुटेल त्याचं."

"रोज मीच बांधते हो. मगच देवापुढे जपाला बसते."

माझा लेक मान खाली घालून म्हणाला, "तू डोळे मिटलेस की आजी पांघरुणातून हळूच काढते. पहाटे परत बांधते. तुला सांगितलं तर तुझं जपाचं व्रत मोडेल, म्हणाली."

घरी सासूबाई फुलवाती वळत होत्या. मी विचारलं तरी त्यांचे हात थांबले नाहीत.

"देवघराच्या खोलीत झोपतो तो, तिथे चामड्याचे पट्टे कसे चालतील? तुझंच सोवळं सांभाळलं मी. अनंतालाही ठाऊक आहे."

नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही.

जप मी डोळे मिटून करते. त्या रात्री पट्टे घट्ट बांधून कौस्तुभच्या पायाशी बसले, माळ हातात घेतली आणि डोळे उघडे ठेवले.